मायलेकींचें वाळवंट

उत्पत्तीच्या पुस्तकांत हागारेची रानांतील गोष्ट दोनदां आली आहे. एकदां तिचें लेंकरूं पोटांत आहे, एकदां तें तहानेनें व्याकूळ होऊन झुडपाखालीं पडलें आहे. आणि दोन्ही वेळां पाणी जवळच आहे. आपण ही गोष्ट वाचतों तेव्हां रान म्हणजे ओसाड जागा असें धरून चालतों. परंतु ती विहीर त्या रानांत अगोदरपासूनच होती. ज्याला विहिरीचा ठाव माहीत नाहीं त्यालाच तें रान ओसाड. हा विचार मनांत ठेवून आज आपण एका दूर देशच्या वाळवंटाचा व तेथें पिढ्यान्‌पिढ्या संसार करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करूं. यांतील कांहीं भाग आपणां सुवार्तेच्या सेवकांस ऐकावयास जड जाईल. तोहि वाचकांनीं टाळूं नये, अशी विनंती आहे.

१. भूमि व तिची विद्या

ऑस्ट्रेलिया खंडाच्या पश्चिम भागांत ग्रेट सँडी, लिटल सँडी व गिब्सन अशीं तीन वाळवंटें एकमेकांस लागून पसरलीं आहेत. तांबड्या वाळूच्या लांबच लांब टेकड्या, त्यांवर टोंचणाऱ्या गवताचे झुबके, आणि मधून मधून मिठानें पांढरीं पडलेलीं कोरडीं तळीं, असा हा मुलूख आहे. येथें मार्तू लोक हजारों वर्षें राहत आले आहेत. खडकांतील कुंडें, लहान झरे व वाळूखालीं लपलेलें पाणी यांवर त्यांचें जीवन चालत असे. कोणत्या जागीं वाळू उपसली असतां पाणी लागतें, तेथून पुढचें पाणी कोणत्या दिशेस आहे, हें कोणत्याहि कागदावर लिहिलेलें नव्हतें. पूर्वजांच्या प्रवासाच्या कथा व गीतें यांतून मुलें तें शिकत.

पुरुष मोठी शिकार करीत. पण ती रोज साधेलच असा नेम नसे. रोजचें पोट बहुतेक स्त्रियांच्या हातीं होतें. खणावयाची टोंकदार काठी व लांकडाची उथळ परात, इतकाच त्यांचा प्रपंच. गवताचें बीं गोळा करून त्या पाखडीत, पाण्याबरोबर दगडावर वाटीत व त्याची भाकर राखेंत भाजीत. थंडीच्या दिवसांत गवताचा लहानसा तुकडा पेटवून देत आणि उघड्या पडलेल्या वाळूवर घोरपडीचें बीळ शोधून ती खणून काढीत. शिकलेल्या लोकांस पूर्वीं हें जाळणें अडाणीपणाचें वाटे. अलीकडे संशोधकांनीं त्याच भूमीवर मोजमाप केलें, तेव्हां निराळेंच दिसून आलें. जेथें स्त्रिया शिकार करून असे लहान जाळ करीत, तेथेंच घोरपडी अधिक होत्या. कारण जुनें व कोवळें गवत जवळ जवळ राहतें आणि विजेनें लागलेला वणवा दूरवर पसरत नाहीं. आजीनें नातीस शिकविलेली ही विद्या भूमीस खात होती असें नव्हे. ती भूमीस जपत होती.

२. कुंपण व कायदा

सन 1859 सालीं व्हिक्टोरिया प्रांतांत एका जमीनदारानें शिकारीच्या हौसेकरितां इंग्लंडाहून आणलेले ससे सोडले. ते इतके वाढले कीं पिकें व कुरणें यांचा फडशा पडूं लागला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारानें 1901 पासून 1907 पर्यंत दक्षिण समुद्रापासून उत्तर समुद्रापर्यंत 1,139 मैलांचें कुंपण बांधलें. त्यानें ससे अडले नाहींत. पण वाळवंटाच्या कडेस जिगलाँग येथें 1907 सालीं कुंपण राखणाऱ्यांचें एक ठाणें झालें. मार्तू लोक शिध्याच्या आशेनें तेथें येऊं लागले. गोऱ्या कामकऱ्यांपासून कांहीं मार्तू स्त्रियांस मुलें झालीं.

या मुलांविषयीं कायदा काय होता तें लक्षपूर्वक पाहावें. 1905 च्या कायद्यानें सरकारचा एक मुख्य अधिकारी त्या प्रांतांतील मूळच्या रहिवाशांच्या व मिश्र जातीच्या सोळा वर्षांखालील प्रत्येक मुलाचा कायदेशीर पालक ठरला. आई जिवंत असली, मूल तिच्या मांडीवर असलें, तरी पालक तो. या अधिकाऱ्याच्या हुद्द्याचें नांव ‘मुख्य संरक्षक’ असें होतें. मिश्र मुलांस आयांपासून दूर नेऊन, मजुरी व घरकाम शिकवून, गोऱ्या समाजांत मिसळून टाकावें, असें धोरण ठरलें.

३. मॉलीची वाट

जिगलाँग येथें मॉड नांवाच्या मार्तू स्त्रीस सुमारें 1917 सालीं मॉली ही मुलगी झाली. तिचा बाप कुंपणावरचा इंग्रज तपासनीस होता. 1931 सालीं, मॉली सुमारें चौदा वर्षांची असतां, एका शिपायानें तिला व डेझी आणि ग्रेसी या नात्यांतल्या दोन धाकट्या बहिणींस उचलून नेलें. मुली जहाजानें दक्षिणेस गेल्या व पर्थ शहराच्या उत्तरेस मूर रिव्हर येथील सरकारी वसाहतींत ठेवल्या गेल्या. तेथें खिडक्यांस गज होते, व आपली भाषा बोलण्याची मनाई होती.

मॉली तेथें फार दिवस राहिली नाहीं. दोघींस बरोबर घेऊन ती पावसांत बाहेर पडली. पावसानें पावलें पुसलीं. कुंपण आपल्या गांवावरून जातें, हें तिला बापाच्या कामामुळें ठाऊक होतें. तें सांपडलें कीं त्याच्या कडेनें घर सांपडेल, असा तिचा हिशेब. तिघी सुमारें एक हजार मैलांची वाट चालूं लागल्या. दिवसां लपत, पायांस जखमा झाल्या म्हणजे धाकट्या बहिणीस पाठीवर घेत; ससे धरून भाजून खात. ज्या सशांकरितां कुंपण झालें त्यांवरच पोट, व ज्या कुंपणानें ससे अडले नाहींत त्याचाच वाटेस आधार! वाटेंत ग्रेसी आपल्या आईच्या शोधास निराळी गेली. तिला पकडून परत वसाहतींत नेलें. मॉली व डेझी सुमारें नऊ आठवड्यांनीं जिगलाँगास पोहोंचल्या. घरच्या माणसांनीं त्यांस घेऊन लगेच वाळवंटाच्या आंत तळ हलविला. सरकारास जें ओसाड वाटत होतें तेंच त्यांचें आश्रयस्थान झालें.

४. तीच वाट पुन्हा

पुढें मॉलीचें लग्न झालें व तिला डोरिस आणि अ‍ॅनाबेल या दोन मुली झाल्या. 1940 सालीं पोटाच्या दुखण्याकरितां तिला पर्थ येथें नेलें. बरी झाल्यावर तिला घरीं न पाठवितां मुलींसह मूर रिव्हर येथेंच धाडलें. 1941 च्या आरंभीं ती पुन्हा निघाली. दोघी मुली उचलून हजार मैल चालणें कोणाहि आईस शक्य नव्हतें. दीड वर्षाची अ‍ॅनाबेल तिनें कडेवर घेतली. साडेतीन वर्षांची डोरिस मागें राहिली. मॉली दुसऱ्यांदा घरीं पोहोंचली. परंतु तीन वर्षांनीं अ‍ॅनाबेलहि हिरावून नेण्यांत आली, व त्या मायलेकींची पुन्हा भेट झाली नाहीं.

डोरिसचें पुढें काय झालें? ती प्रथम वसाहतींत व नंतर एका ख्रिस्ती मिशनच्या आश्रमांत वाढली. तेथें तिला अन्नवस्त्र मिळालें, लिहिणें वाचणें आलें, व अठराव्या वर्षीं ती पर्थच्या इस्पितळांत रोग्यांच्या शुश्रूषेचें काम शिकूं लागली. हें उपकार खरे आहेत, ते नाकारूं नयेत. पण तेथेंच तिला असेंहि शिकविलें गेलें कीं तुझे लोक सैतानाचे भक्त आहेत, त्यांचा तिरस्कार कर. एकवीस वर्षांनीं ती आईस भेटली. मग पुढें अनेक वर्षें तिनें आई व मावशी यांच्यापाशीं बसून ती वाट ऐकली, आणि 1996 सालीं ‘फॉलो द रॅबिट-प्रूफ फेन्स’ या पुस्तकांत लिहिली. 2002 सालीं तिचा चित्रपट झाला. मॉली 2004 सालीं व डोरिस 2014 सालीं निवर्तल्या.

ही एका घरचीच गोष्ट नव्हे. 1997 च्या सरकारी चौकशीच्या अहवालाप्रमाणें 1910 पासून 1970 पर्यंत त्या देशाच्या मूळ रहिवाशांचें दहांत एक ते तिघांत एक मूल अशा रीतीनें घरापासून तोडलें गेलें. 13 फेब्रुवारी 2008 रोजीं पंतप्रधान केव्हिन रड यांनीं भर संसदेंत क्षमा मागितली. मार्तू लोकांस 2002 सालीं न्यायालयानें सुमारें 1,36,000 चौरस किलोमीटर भूमीवरील त्यांचा परंपरागत हक्क मान्य केला. त्यापूर्वींच, 1980 नंतरच्या वर्षांत, अनेक कुटुंबें वाळवंटांत परत जाऊन वसलीं होतीं. स्त्रियांनीं पुन्हा काठी हातीं घेतली, लहान लहान जाळ पेटविले, व नातींस पाण्याच्या जागा दाखविल्या.

५. आपणांस बोध

पहिला. वाटेंत एका शेतकऱ्याच्या बायकोनें त्या तीन मुलींस जेवण व अंगावर घालावयास कोट दिले. त्या रानांत मरतील अशी तिला भीति वाटली, म्हणून त्या निघून जातांच तिनें अधिकाऱ्यांस कळविलें. तिचें मन कठोर नव्हतें. तुम्हीं कोठें जातां व कां जातां, हें तिनें विचारिलें. पण त्या उत्तरास तिनें किंमत दिली नाहीं. दया करणारा हात व ऐकणारा कान हे दोन्ही लागतात. एक असून चालत नाहीं.

दुसरा. ‘संरक्षक’ हें नांव धारण केल्यानें कोणी रक्षक होत नाहीं. ज्याचें रक्षण करावयाचें त्याच्या आईस दारांत रडत ठेवून जें रक्षण होतें, त्यास दुसरें नांव शोधावें.

तिसरा बोध आपणां सेवकांकरितां आहे. आश्रमांतील मुलांस दहा आज्ञा पाठ करून घेतल्या जात नसतील असें कोण म्हणेल? मग आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राखण्याची पांचवी आज्ञा शिकविणाऱ्यानेंच लेंकरास आईचा तिरस्कार शिकविला, तर आज्ञा कोणीं मोडली? आपण वस्तींत जातों तेव्हां तेथील म्हाताऱ्या बायांची विद्या, त्यांच्या गाण्यांतील शहाणपण, लेंकराची आपल्या माणसांवरील माया, हीं सर्व अंधारांत जमा करणें सोपें आहे. परंतु देवानें हागारेकरितां नवी विहीर खणली असें शास्त्र सांगत नाहीं. त्यानें तिचे डोळे उघडले. आपलें कामहि तसेंच असावें. जी विहीर त्या लोकांच्या रानांत आधींच आहे ती बुजवून आपली घागर पुढें करणें, ही सेवा नव्हे.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

1. आपल्या गांवांतील वृद्ध स्त्रियांस असें काय ठाऊक आहे, जें आपल्या मुलांनीं अजून विचारलें नाहीं?
2. एखाद्याचें भलें करण्याच्या हेतूनें आपण त्याचें म्हणणें न ऐकतां कांहीं केलें आहे काय? त्याचा परिणाम काय झाला?
3. डोरिसला मिळालेलें शिक्षण व तिच्यापासून हिरावलेली आई, हीं दोन्हीं एकाच हातानें आलीं. शिक्षण मिळावें व आईहि राहावी, याकरितां त्या आश्रमानें काय करावयास हवें होतें? आपण आज काय करूं शकतों?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर प्रथम स्त्रियांस देऊं द्यावें. पुरुषांनीं मागाहून बोलावें.