सुईदोऱ्याचा बटवा : शंका-समाधान

हाताने भरलेल्या सुईदोऱ्याच्या बटव्याविषयी आलेल्या पत्रांत बाहेरच्या वेलबुट्टीपेक्षा आतली पानं, अस्तर आणि सुया यांच्याबद्दल जास्त विचारणा आहे, याचा मला फार आनंद झाला. हा बटवा शिवणारीच्या हाताखाली रोज राबतो, त्यामुळे त्याची खरी पारख तो उघडल्यावरच होते. पुढची सगळी उत्तरं याच धोरणाने दिली आहेत.

मखमलीचा बटवा शिवला, आत स्पंज घातला आणि त्यात सुया खोचल्या. पहिल्याच पावसाळ्यात सुया काळ्या पडून गंजल्या. सुयाच हलक्या प्रतीच्या होत्या का?
— एक वाचक, रत्नागिरी

सुयांचा दोष असेलच असं नाही. बहुतेक सुया पोलादाच्या असतात आणि त्यांवर निकेलचा पातळ मुलामा असतो. वापराने तो झिजला की हवेतला ओलावा आणि हाताचा घाम पोलादापर्यंत पोचतो. कोकणातल्या दमट, खारट हवेत तर फार वेळ लागत नाही. स्पंज ओल धरून ठेवतो. जाड सुती कापडाचंही तसंच.

सुया खोचायची पानं शुद्ध लोकरीच्या फ्लॅनेलची किंवा लोकरी फेल्टची करा. लोकरीत मुळात थोडी स्निग्धता असते, ती सुईला मानवते. बाजारात ‘फेल्ट’ म्हणून मिळणारं कापड बहुधा कृत्रिम धाग्याचं असतं, म्हणून त्याचा एक धागा काढून जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली गेली, तर ती लोकर. धागा वितळून त्याचा कडक मणी झाला, तर ते कापड परत करा.

बटव्याला पिनकुशन जोडायचं असेल, तर त्यातही लोकरीचे तुकडे भरा. भुसा किंवा धान्य नको, त्याला कीड लागते. जुन्या इंग्रजी संचांत स्ट्रॉबेरीच्या आकाराची एक छोटी उशी लोंबत असते. तिच्यात कुरुंदाची पूड भरलेली असते, सुई तिच्यात चार-सहा वेळा खुपसली की गंज निघतो आणि टोकालाही धार येते. पण सुई त्या उशीत ठेवून देऊ नका, घासून लगेच बाहेर काढा.

आधी कापड मापात बेतलं, मग त्यावर भरतकाम केलं. शेवटी चारही बाजू वेड्यावाकड्या झाल्या आणि मधे चुण्या पडल्या. काय चुकलं?
— एक वाचक, जळगाव

क्रम उलटा झाला. भरतकामाने कापड आक्रसतं, म्हणून बेतणं शेवटी. बटव्याची पट्टी १२ सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर लांब हवी असेल, तर चारही बाजूंनी किमान पाच सेंटीमीटर जादा कापड घ्या. मापाची चौकट त्यावर कच्च्या धावदोऱ्याने आखा आणि मग कापड रिंगमध्ये लावा. काम पूर्ण झालं की जाड टॉवेलवर कापड पालथं घालून उलट बाजूने इस्त्री करा, म्हणजे टाके दबत नाहीत. मग चौकट पुन्हा मोजा आणि त्यानंतरच कात्री लावा.

चुण्यांचं दुसरं कारण दोरा. सहापदरी दोऱ्याचे दोन पदर हवे असले, तरी ते एकदम ओढू नका. एकेक पदर सुटा काढा आणि मग दोन जुळवा, म्हणजे ते पीळ न खाता शेजारी बसतात. लांबी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत पुरे. लांब दोरा कापडातून पुन्हापुन्हा जाऊन विरतो आणि गाठी पाडतो.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. त्यांच्या ट्रंकेत एक खाकी गुंडाळी सापडली, आत सुया, करडी लोकर, बटणं आणि पितळी अंगुस्तान आहे. ही वस्तू काय आणि ती कशी जपावी?
— एक वाचक, सातारा

तुमच्या वर्णनावरून हा फौजी शिवणसंच दिसतो. ब्रिटिश फौजेत तो सैनिकाच्या साहित्यात असायचा आणि इंग्रजीत त्याला ‘हाउसवाइफ’ म्हणत, बोलताना ‘हझिफ’. लोकर मोजे रफू करायला आणि बटणं गणवेशाची. घडी मारून बंदाने बांधायची ही रचना आपल्या चंचीच्या फार जवळची आहे.

फौजेत जाण्याआधीपासून ही वस्तू घरोघरी होती. इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनने जानेवारी १७९२ मध्ये, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, मेरी लॉइड या मैत्रिणीला असाच एक चिमुकला संच करून दिला. मेरी गाव सोडून निघाली होती. आत बारीक सुया, तलम दोरा आणि एक इवलासा खिसा होता. त्या खिशात जेनने निरोपाच्या आठ ओळी लिहिलेली चिठ्ठी ठेवली. मेरी पुढे जेनची भावजय झाली आणि तिच्याच मुलाने लिहिलेल्या जेनच्या चरित्रात या भेटीचं वर्णन आहे. जेनचा सॅटिन टाका विशेष चांगला होता, असंही त्याने नोंदवलंय.

तुमची गुंडाळी धुऊ नका आणि तिची दुरुस्तीही करू नका. आधी प्रत्येक वस्तू आहे त्या जागी ठेवून फोटो काढा. गंजलेल्या सुया आणि टाचण्या अलगद काढून कागदात वेगळ्या ठेवा, नाहीतर गंज कापड खातो. घड्यांमध्ये धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटाच्या सैल गुंडाळ्या ठेवा, म्हणजे कापड घडीवर चिरत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आजोबांचं नाव, पलटण आणि ठाऊक असलेली सालं कागदावर लिहून सोबत ठेवा.

इरकली खणाच्या बटव्यावर कसुती भरायची आहे, पण झाकणाला अस्तर नको. उघडल्यावर उलट बाजू दिसणार. कोणता टाका घ्यावा?
— एक वाचक, सोलापूर

गवंती. धारवाडकडच्या कसुतीत चार टाके मुख्य. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारख्या दिसतात, मुरगीची ओळ पायऱ्यापायऱ्यांनी जाते. नेयगी विणीसारखी दिसते आणि तिचे लांब टाके अडकून ओढले जातात. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, त्याची उलट बाजू वेगळी दिसते. हाताळल्या जाणाऱ्या झाकणाला म्हणून पहिले दोनच घ्या.

गवंती म्हणजे जाऊन परत येणारा धावदोरा. जाताना एक टाका वर, एक खाली. परतताना रिकाम्या जागा भरायच्या. त्याच छिद्रातून परत येताना सुई आधीच्या टाक्याच्या वरच्या अंगाने काढा आणि पुढच्या टाक्याच्या खालच्या अंगाने घाला. हा नेम शेवटपर्यंत पाळला तर ओळ सरळ दिसते, मोडला तर दातरी. फांद्या जातानाच भरून मूळ ओळीवर परत या. गाठ मारू नका, दोऱ्याचं टोक टाक्यांखाली दडवा.

खणाचे धागे बारीक, ते मोजताना डोळे शिणतात. वर विरळ विणीची कॅनव्हासची पट्टी टाचा, तिच्या घरांवर मोजून भरा आणि शेवटी तिचे धागे एकेक करून ओढून काढा. सुई बोथट टोकाची घ्या, म्हणजे आधीचा टाका चिरला जात नाही.

आमच्या बचत गटातल्या बायका असे बटवे करून विकतात. गिऱ्हाईक म्हणतं, “एवढ्याशा वस्तूचे एवढे पैसे?” दर कसा ठरवावा?
— एक वाचक, पुणे

वही घ्या. एका पानावर कापड, दोरा, अस्तर आणि नाडी यांचा खर्च मांडा, समोरच्या पानावर तास. त्यात नमुना आखणं, इस्त्री आणि गोट लावणं हेही धरा. तासाचा दर तुमच्या भागात कुशल शिवणकामाला मिळतो त्याहून कमी नको. गवंतीची एक ओळ दोनदा चालावी लागते, गिऱ्हाइकाला मात्र ती एकच दिसते. म्हणून बटवा मिटलेला दाखवू नका. उघडा, उलट बाजू दाखवा, लोकरीच्या पानात सुई खोचून दाखवा. ज्याला हातकाम कळतं, तो तिथे थांबतो.

तरीही कुणाला दर जड वाटला तर मजुरी तोडू नका, काम आटोपतं घ्या. पूर्ण झाकण भरण्याऐवजी एका कोपऱ्यात एकच गोपूर भरा आणि त्या मापाचा दर सांगा. स्वस्तातलं भरगच्च काम टाके लांब करून, उलट बाजू झाकूनच होतं आणि वर्षभरात उसवतं. त्याने गटाचं नाव जातं.

शेवटी एक आग्रह. जुन्या बटव्यांवर करणारीचं नाव फार क्वचित सापडतं. मेरीच्या संचाचा मागोवा आज लागतो, कारण आत चिठ्ठी होती. प्रत्येक बटव्याच्या आतल्या बाजूला, पहिल्या पानाखाली, करणारीचं नाव, गाव आणि साल एकपदरी दोऱ्याने भरा, आणि त्याला लागणारा वेळही वहीतल्या तासांत धरा.