अण्णांच्या खोकल्याविषयी घरात बोलायचं कसं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या मागावर जाणाऱ्या घरांत खोकल्याला कुणी आजार म्हणत नाही. "सुताची धूळ आहे, मागावरच्या माणसाला खोकला असायचाच." आम्हीही बरीच वर्षं हेच म्हणत आलो. धुळीने खोकला येतो हे खरं. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती जास्त आवळत असेल तर धुळीचा संशय घ्यावा. पण दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन, थुंकीत रक्त, यांपैकी काही असेल तर तो टीबी असू शकतो. घरी बसून हे ओळखता येत नाही, थुंकी तपासावीच लागते.

आणि हे अण्णांना सांगणं तपासणीपेक्षा अवघड.

मज्झिम निकायात अभय राजकुमाराचं सुत्त आहे. त्याच्या मांडीवर तान्हं मूल असतं. तथागत विचारतात, याने तोंडात काडी किंवा खडा घातला तर काय करशील? तो म्हणतो, रक्त आलं तरी काढीन, कारण मला त्याची कणव आहे. बोलण्याचंही तसंच, असं तथागत समजावतात: खरं आणि हिताचं असेल तर कडू लागलं तरी बोलावं, मात्र वेळ पाहून.

म्हणून पाळीवरून आलेल्या माणसाला दारातच गाठू नका. पिऊन आले असतील तर त्या रात्री विषयच नको. सुट्टीच्या सकाळी, चहा झाल्यावर, एकानेच बोलावं. सगळे घेरून बसले की अण्णा चप्पल घालून बाहेर पडतात. "तुम्हाला टीबी झालाय" असं म्हणू नये. "अण्णा, रात्री तुमचा खोकला ऐकून मला झोप लागत नाही. उद्या मी सोबत येते, तपासून येऊ," एवढं म्हणून गप्प बसावं. ते चिडतील. त्या चिडण्यात खाड्याची, पगाराची, पोरीच्या लग्नाची भीती असते.

तिला उत्तर तयार ठेवा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. नोंद झालेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये खात्यात मिळतात, आधी ५०० होते. ईएसआय कार्ड असेल आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील तर टीबीच्या लांबलेल्या रजेत पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. पुष्कळ कामगारांकडे कार्डच नसतं, हे आम्हाला ठाऊक आहे. कपात होते का, ते आजच विचारा.

टीबी निघालाच तर ताट वेगळं करू नका. तो हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. वेगळं भांडं म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. खोकताना तोंडावर रुमाल, खिडकी उघडी, आणि घरातल्या सगळ्यांची, लहान पोरांची आधी, तपासणी.

दोन महिन्यांत बरं वाटू लागतं आणि गोळ्या सुटतात. अर्धवट सोडलेला टीबी उलटला तर औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. तेव्हा चहाच्या वेळी पुन्हा अण्णांजवळ बसावं लागेल.