अंधाराचे भय आणि प्राण्यांच्या गोष्टी

येथे नेपरव्हिलला डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. रात्र लांब, आणि मूल आपल्या खोलीत एकटे. कोकणातल्या घरी भावंडांच्या रांगेत झोपणाऱ्या मुलालाही अंधाराचे भय वाटे. पण हात लांब केला की कोणीतरी हाताशी लागे. येथल्या मुलाला तो आधार गोष्टीने द्यावा, असे आम्हांस वाटते.

तीन ते सहा वर्षांच्या वयात कल्पनाशक्ती झपाट्याने वाढते. पण कल्पना व खरे यांतला भेद मुलास नीटसा कळत नाही. म्हणून "अंधारात काही नाही" असे सांगून भागत नाही. त्या रिकाम्या जागी मूल स्वतःच काहीतरी उभे करते. त्यापेक्षा तेथे कोण असते, ते सांगावे.

ऑपॉसमची आई पिलांना आधी पोटाच्या पिशवीत व पुढे पाठीवर घेऊन रात्री हिंडते. रॅकून पुढच्या पंजांनी चाचपून खाणे शोधतो. डोक्यावर पिसांचे तुरे असलेले मोठे घुबड ऐन थंडीत अंडी उबवते. जून-जुलैत अंगणात काजवे चमकतात. तो त्यांचा जोडीदारास इशारा असतो. खिडकीबाहेर खुडबुड झाली की मूल मग विचारील, "पिलांची आई आली का?"

जिल टॉमलिन्सन या इंग्रज लेखिकेने 1968 साली अंधाराला भिणाऱ्या घुबडाच्या पिलाची गोष्ट लिहिली. प्लॉप नावाचे ते पिलू एकेकाला भेटते. आतषबाजीची वाट पाहणारा मुलगा, दुर्बिणीतून तारे पाहणारा गृहस्थ, मांजर. प्रत्येकाला अंधार आपापल्या कारणाने आवडतो. पिलाला कोणी रागावत नाही, हे त्यातले मर्म.

पालकांनी पुढील क्रम ठेवावा. प्राण्याचे चित्र दिवसा दाखवावे. रात्री मंद दिव्यात पाच मिनिटे गोष्ट सांगावी. शेवट मुलाला करू द्यावा. एखाद्या संध्याकाळी हात धरून, बॅटरी घेऊन अंगणात जावे. लहान दिवा लागत असल्यास ठेवावा व हळूहळू मंद करावा. निजताना लांडग्याची गोष्ट नको.

दोन जुन्या सवयी मात्र सोडाव्यात. जेवत नाही म्हणून बागुलबुवाला बोलावू नये, आणि घुबड अशुभ असे मुलांदेखत म्हणू नये. संध्याकाळी आपणच पेरलेले भय रात्री गोष्टीने कसे निघणार? इतके करूनही महिनोन्‌महिने झोप उडत असेल, तर डॉक्टरांस विचारावे.