काळी, पांढरी आणि वाट : बासर गावाचा अभ्यास

पवित्र शास्त्रात शेत, बांध, विहीर, वेस आणि वाट हे शब्द वारंवार येतात. पण शब्बाथ शाळेत बसणाऱ्या शहरातील मुलांना ते नुसते शब्दच राहतात. धुरा कोरणे म्हणजे काय, कुळ म्हणजे कोण, हे सांगावयाचे तर शिक्षकालाच ते आधी ठाऊक असावे लागते. म्हणून ह्या पाठासाठी आम्ही एक खरेखुरे गाव निवडले आहे.

ते गाव म्हणजे गोदाकाठचे बासर. धर्माबादहून निजामाबादकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की महाराष्ट्राची हद्द संपताच हे स्टेशन लागते. येथे सरस्वतीचे प्रसिद्ध मंदिर आहे आणि मुलांच्या हातून पहिले अक्षर गिरवून घेण्यासाठी आईबाप दुरून येतात. 2008 साली येथे तांत्रिक शिक्षणाचे एक विद्यापीठही निघाले. यात्रेकरू आणि विद्यार्थी येतात व जातात. आम्हांस पाहावयाचे आहे ते मागे उरणाऱ्या शेतकऱ्याचे जीवन.

प्रथम एक गंमत पाहा. 1945 साली बासरला जन्मलेला मनुष्य निजामाच्या राज्यात, नांदेड जिल्ह्यात, मुधोळ तालुक्यात जन्मला. 1948 च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले. 1956 च्या 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात आदिलाबाद जिल्ह्याकडे गेली आणि शेजारचे धर्माबाद नांदेडकडेच राहिले. 2014 साली तेलंगण राज्य झाले. 2016 साली आदिलाबादचे तुकडे होऊन बासर निर्मल जिल्ह्यात गेले. उंबरा न ओलांडता ह्या माणसाने दोन जिल्हे बदलले आणि राज्ये किती बदलली ते मुलांनाच मोजू द्यावे. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि पेटीतले जुने कागद उर्दूत, अशी त्याची स्थिती.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरीत जुनी घरे मातीच्या भिंतींची व माळवदाची. माळवद उन्हाळ्यात गार, पण पावसाळ्यापूर्वी त्यावर माती टाकून ते चोपावे लागते, नाहीतर गळते. पुढे ढाळज, मागे परसू, बाजूस गोठा. काळीत कापूस, ज्वारी, तूर, मूग, उडीद आणि अलीकडे सोयाबीन. जेथे पाणी पोचते तेथे भात आणि हळद. सालगड्याचा करार पाडव्याला होतो आणि पुढल्या पाडव्याला संपतो. तोच दिवस तेलुगू शेजाऱ्यांचा उगादी. राज्याची शीव मध्ये आली तरी वर्ष दोघांचेही एकाच दिवशी सुरू होते.

आता मालमत्तेकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तेथे आहे. निजामाच्या राज्यात काही जमीन सरकारची म्हणजे दिवाणी, काही जहागीरदारांची आणि काही खुद्द निजामाची, तिला सर्फेखास म्हणत. गावकामगारांस वतन-इनाम असे. (दूर जावा बेटावरही गावच्या मुखियास पगाराऐवजी जमीन कसून खावयास देत, तिला तेथे बेंगकोक म्हणतात. पद गेले की जमीन गेली.) 1949 साली जहागिरी रद्द झाल्या. 1950 साली हैदराबादचा कुळकायदा आला आणि पुष्कळ कुळांची नोंद ‘संरक्षित कुळ’ म्हणून झाली. मग 1954-55 ची खासरा पहाणी झाली. कोणत्या शेतात कोण उभा आहे आणि कोणत्या हक्काने, हे तीत लिहिले गेले. आजही जमिनीचा वाद निघाला की वकील पहिल्याने ह्या पहाणीची नक्कल मागतो, आणि हे मराठवाड्यात व तेलंगणात सारखेच. झाड दोन अंगणांत वाढले तरी मूळ एक आहे.

त्यानंतर मात्र फांद्या वेगळ्या झाल्या. धर्माबादच्या बाजूस सातबारा, हेक्टर आणि आर. बासरच्या बाजूस पहाणी, एकर आणि गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि सुमारे अडीच एकरांचा हेक्टर, हे गणित ज्याची जमीन दोन्हीकडे आहे त्याला तोंडपाठ असते. आंध्रात 1984 साली वंशपरंपरेचे पटेल-पटवारी काढून टाकले. तेलंगणात 2020 साली सर्व नोंदी ‘धरणी’ नावाच्या संगणकी व्यवस्थेत गेल्या आणि 2025 साली तिच्या जागी ‘भू भारती’ कायदा आला. प्रत्येक फेऱ्यात एखादे नाव चुकते, एखादा गट नंबर गळतो, आणि तो दुरुस्त करण्यासाठी मनुष्य पेरणी सोडून कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. यिर्मयाने अनाथोथ येथील शेत घेतले तेव्हा खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवावयास का सांगितले, हे अशा माणसास समजावून सांगावे लागत नाही.

पण कागदावर ज्याचे नाव आहे तोच शेतात राबतो असे नाही. समजा, एका बासरकराची सहा एकर जमीन आहे आणि तो निजामाबादेस राहतो. त्याची जमीन दुसरा मनुष्य बटईने किंवा मक्त्याने करतो. बी, खत, कर्ज आणि काळजी ही सर्व ह्या दुसऱ्याची. 2018 साली तेलंगण सरकारने ‘रयतुबंधू’ योजना काढली व दर हंगामास एकरी 4000 रुपये दिले. पैसा पट्टेदाराच्या नावे आला. म्हणजे वरील शेताचे त्या हंगामाचे 24,000 रुपये निजामाबादेस गेले आणि नांगर धरणाऱ्यास काही मिळाले नाही. त्याच सुमारास धर्माबाद तालुक्यातील काही गावे आम्हांस तेलंगणात घ्या असे म्हणू लागली, इतका ह्या रकमेचा गवगवा झाला. कुळांचा प्रश्न मात्र कोणी फार विचारला नाही. आम्हांस वाटते, तो विचारावयास हवा होता.

पाण्याची गोष्टही अशीच आहे. 1963 च्या जुलैत पंडित नेहरूंनी पोचंपाड येथे धरणाचा पाया घातला. त्यालाच पुढे श्रीरामसागर म्हणू लागले. त्याची पूर्ण पातळी 1091 फूट असून फुगवटा बासरच्या बाजूस वर चढतो. काठची काळी त्यात गेली. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरले की खालची गाळाची जमीन उघडी पडते आणि लोक तीत पेरतात. ह्यास गाळपेर म्हणतात. जमीन आजोबांची, पण मालकी सरकारची. पीक आपले, पण पाणी लवकर चढले तर तेही नदीचे.

बासरच्या वरच्या अंगास, महाराष्ट्राच्या हद्दीत, बाभळीचा बंधारा आहे. दोन राज्ये त्यावरून न्यायालयात गेली. 2013 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत बंधाऱ्याची दारे उघडी ठेवावी आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडावे. वरच्याला वाटते, पाऊस असताना दारे उघडी मग साठवावे काय? खालच्याला वाटते, वरच्याने अडविले तर आम्ही काय प्यावे? दोघेही खोटे बोलत नाहीत. वर्गात हा प्रश्न घ्यावा, मात्र निकाल देण्याची घाई करू नये.

लेकींचा वाटा हा विषय आपल्या मंडळ्यांत बहुधा टाळला जातो. आंध्र प्रदेशाने 1986 च्या कायद्याने हिंदू कुटुंबातील अविवाहित मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला. महाराष्ट्राने 1994 साली दिला. सर्व देशास 2005 साली मिळाला. म्हणजे 1990 साली बासरच्या मुलीस जो हक्क होता, तो पलीकडे धर्माबादच्या मुलीस नव्हता. ख्रिस्ती लोकांस 1925 चा वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेस एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगे व मुली सारखे, असे तो सांगतो. तरीही आपल्या घरांतून बहिणींच्या सह्या हक्कसोडपत्रावर घेतल्या जातातच ना? भाऊ माहेरपण करील, साडीचोळी देईल, एवढ्यावर त्या सही करतात. नाही म्हटले तर माहेर तुटेल अशी भीती असते. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनाही अशी भीती वाटली नसेल काय?

वाटेविषयी थोडक्यात. पूर्वी नदीपलीकडे जाणे म्हणजे डोंगा आणि नावाड्याची मर्जी. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत लहान रुळांची गाडी निघाली आणि गोदावरीवर पूल झाला. आता रूळ मोठे आहेत. लाल मिरची धर्माबादच्या बाजारात जाते, हळद निजामाबादच्या. सून एका बाजूने येते, लेक दुसऱ्या बाजूस जाते. ह्या पट्ट्यातील तरुण आखाती देशांत मजुरीस जातात आणि नांदेडकडील कुटुंबे ऊसतोडीस. एकाजवळ पासपोर्ट असतो, दुसऱ्याजवळ मुकादमाची उचल. दोघांच्याही मागे पांढरीत म्हातारी माणसे आणि कुलूप.

शिक्षकांस एक सूचना आहे. पुढील रविवारी मुलांनी घरून जमिनीच्या एखाद्या उताऱ्याची नक्कल आणावी. जमीन नसेल त्याने घरपट्टीची पावती आणावी, आणि तीही नसेल त्याने घरमालकाचे नाव विचारून यावे. मग उताऱ्यावर कोणाची नावे आहेत ती मोठ्याने वाचावी. आत्याचे नाव आहे काय? आजीचे? शेत जो कसतो त्याचे? मोठ्या मुलांनी आजोबांस विचारावे की त्या शेतात जाण्याची वाट कोणाच्या बांधावरून जाते आणि ती कधी बंद झाली होती काय. उत्तरे वहीत लिहून आणावी. त्यासाठी एक तास पुरणार नाही. दोन रविवार ठेवावे.