पुरुषांच्या जननेंद्रियावरील त्वचेचा रंगबदल : संकोच सोडून समजून घेण्याचा विषय

आमच्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ताळेबंदासोबत एखाद्या आरोग्यविषयाची माहिती देण्याचा प्रघात आहे. यंदाचा विषय चारचौघांत बोलला जात नाही, आणि म्हणूनच तो निवडला आहे. पुरुषांच्या जननेंद्रियावर, वृषणकोशावर अथवा जांघेत त्वचेचा रंग बदलल्याची तक्रार घेऊन येणारे रुग्ण नोंदणीच्या खिडकीपाशी बहुधा 'पोटात दुखते' किंवा 'अशक्तपणा वाटतो' असे सांगून केसपेपर काढतात. खरी तक्रार डॉक्टरांच्या खोलीचे दार बंद झाल्यावर, तीही उठता उठता सांगितली जाते. आम्ही प्रशासनाचे काम पाहणारे, वैद्यक नव्हे. तथापि त्वचारोग विभागातील डॉक्टरांकडून समजून घेतलेली माहिती वाचकांपुढे मांडीत आहोत.

स्वाभाविक रंग

या भागाची त्वचा शरीराच्या अन्य त्वचेपेक्षा गडद असणे हे स्वाभाविक आहे. वयात येताना संप्रेरकांच्या प्रभावाने येथील रंगपेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक प्रमाणात तयार करतात. वाढते वय आणि घट्ट कपड्यांचे घर्षण यांमुळेही त्यात भर पडते. असा रंग हळूहळू येतो, दोन्ही बाजूंस सारखा असतो. त्यात खाज, वेदना वा जखम नसते. त्यास उपचाराची आवश्यकता नाही. रंग उजळविणारी मलमे येथील नाजूक त्वचेस अपायच करतात.

पांढरे डाग

पांढरा डाग दिसताच मनात येते ते कोड. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशी नष्ट करू लागल्याने कोड होते. ते स्पर्शाने पसरत नाही, लैंगिक संबंधातूनही नाही, आणि कोणत्याही दुराचरणाचे ते फळ नव्हे. कोडात त्वचेचा रंग जातो, पोत मात्र तसाच राहतो.

पोतही बदलला असेल तर सावध व्हावे. 'लायकेन स्क्लेरोसस' या विकारात त्वचा पांढुरकी, पातळ व सुरकुतल्यासारखी होते. शिश्नाची अग्रत्वचा आवळत जाऊन मागे सरकेनाशी होते आणि काहींच्या मूत्रमार्गाचे तोंड अरुंद होऊन लघवीची धार बारीक होते. वेळीच उपचार झाल्यास हा विकार बहुधा आटोक्यात राहतो. दुर्लक्ष केल्यास शस्त्रक्रियेची वेळ येते, आणि काही थोड्या रुग्णांत पुढे कर्करोगाचा धोकाही असतो.

लाल व तपकिरी चट्टे

जांघेतील खाजरा, उठावदार कडांचा चट्टा बहुधा गजकर्णाचा असतो. तो बुरशीमुळे होतो. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मिश्र मलमातील स्टेरॉइडने खाज तात्पुरती थांबते, बुरशी मात्र आत फोफावते, त्वचा पातळ होते आणि पुढे नेहमीची औषधे लागू पडेनाशी होतात. २०१८ साली केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइडयुक्त मलमे 'अनुसूची एच'मध्ये घातली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही शेजाऱ्याने सुचविलेली नळी आणण्याची सवय सुटलेली नाही.

शिश्नमुंडावर लाली, पांढुरका थर व खाज वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावी. मधुमेहाची पहिली खूण कित्येकदा हीच असते. जांघेच्या घडीत त्वचा काळी, जाड व मखमलीसारखी होणे, हेही वाढलेले वजन व मधुमेहाकडील वाटचाल सुचविते.

काळा डाग आणि एक संसार

एक उदाहरण, रुग्णाची ओळख कळू नये म्हणून तपशील गाळून, येथे देतो. एका विवाहित गृहस्थांच्या शिश्नमुंडावर दर काही महिन्यांनी त्याच जागी लाल चट्टा उमटे, आग होई आणि मागे काळसर डाग राही. त्यांनी ते लपविले. पत्नीला कळले तेव्हा ते 'बाहेरख्यालीचे' वाटले, आणि ती माहेरी निघून गेली. आमच्या डॉक्टरांनी त्यांना एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला : चट्टा उठण्यापूर्वी कोणती गोळी घेतली होती? जुलाब झाले की ते दुकानातून ठरावीक गोळ्या आणीत. त्या औषधाचे शरीरास वावडे होते. असे वावडे असले की औषध पोटात गेल्यावर काही तासांत चट्टा त्याच ठिकाणी पुन्हा उमटतो, आणि शिश्नमुंड ही त्याची एक नेहमीची जागा आहे. काही प्रतिजैविके व वेदनाशामके यांनीही असे घडते. डॉक्टरांनी पती-पत्नी दोघांना समोर बसवून हे समजाविले. गोळी बंद झाली, चट्टा पुन्हा उठला नाही. डाग पुसट व्हायला मात्र कित्येक महिने लागले. जे संभाषण पंधरा मिनिटांत आटोपले, ते दोन वर्षे लांबले होते.

केव्हा थांबू नये

तीन-चार आठवड्यांत बरा न होणारा लाल मखमली चट्टा, न दुखणारी जखम, गाठ, रक्तस्राव, अथवा आकार व रंग बदलणारा काळा डाग दिसल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी. न दुखणारी जखम उपदंशाची असू शकते, आणि तो पेनिसिलिनने बरा होतो. शिश्नाचा कर्करोग आरंभी ओळखला गेल्यास अवयव वाचविता येण्याची शक्यता अधिक असते. 'दुखत नाही' हे थांबण्याचे कारण नव्हे.

एस. टी. स्थानकांच्या भिंतींवरील हमखास इलाजाच्या जाहिरातींना भुलू नये. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत कोडाचा स्पष्ट उल्लेख असून तो बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीस मनाई आहे.

आमची दुरुस्ती

दोष केवळ रुग्णांच्या संकोचाचा नाही. आमच्याच खिडकीवर, मागे रांग उभी असताना, 'काय होतंय?' असे मोठ्याने विचारले जाई. ती पद्धत आम्ही बंद केली आहे. आता केवळ विभागाचे नाव सांगितले तरी केसपेपर मिळतो, आणि ज्यांना खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी निर्धन रुग्ण निधीची तरतूद आहे.

वाणिज्य शाखेत शिकलेल्या आम्हांस एवढे निश्चित ठाऊक आहे की थकलेल्या रकमेवर व्याज चढते. लपविलेल्या दुखण्याचेही तसेच आहे. वाचकांनी हा लेख आपल्या घरातील तरुण मुलांच्या व वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावा, ही नम्र विनंती.