संगणकाची स्मृती ‘भरते’ म्हणजे काय?

संगणक मंद चालू लागला की ‘रॅम भरली, आता नवाच घ्या’ असा सल्ला सर्रास मिळतो. आमच्या जानेफळसारख्या गावात नवा संगणक म्हणजे सोयाबीनच्या पैशातला मोठा वाटा. तेव्हा स्मृती खरोखर संपली आहे काय, हे आधी आपणच पाहावे. लिनक्स प्रणालीत ही तपासणी अगदी सोपी आहे.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. २०२० साली महासंगणकांच्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर आलेला पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ही याच प्रणालीवर उभारलेला आहे. त्याची आणि आपल्या जुन्या संगणकाची पाहणी करण्याच्या मूळ आज्ञा एकच!

प्रथम ‘प्रक्रिया’ म्हणजे काय ते पाहू. डिस्कवरचा प्रोग्रॅम कणगीतल्या बियाण्यासारखा पडून असतो. तो सुरू झाला की स्मृतीत जागा घेतो व त्यास एक क्रमांक मिळतो. या चालत्या रूपास प्रक्रिया म्हणतात. टर्मिनलमध्ये ‘टॉप’ ही आज्ञा दिली की अशा प्रक्रियांची यादी दिसते व साधारणतः दर तीन सेकंदांनी ताजी होते. मोठे ‘एम’ अक्षर दाबल्यास सर्वांत जास्त स्मृती व्यापणारी प्रक्रिया वर येते, मोठे ‘पी’ दाबल्यास प्रोसेसरला सर्वाधिक राबवणारी; ‘क्यू’ने बाहेर पडता येते. बहुतेक प्रक्रियांपुढे ‘एस’ दिसते. त्या कामाची वाट पाहत स्वस्थ असतात. त्यांची संख्या पाहून घाबरू नये.

आता स्मृतीचा हिशेब. त्यासाठी ‘फ्री’ या आज्ञेस ‘-एम’ जोडावे. गावातील एका जुन्या संगणकावर मी हे आकडे पाहिले : एकूण ३८०० एमबी, वापरात १४००, मोकळी २००, बफर व कॅश २२००, उपलब्ध २१००. केवळ २०० चा आकडा पाहिला तर संगणक मोडीत काढावासा वाटेल. परंतु रिकामी स्मृती निरुपयोगी, म्हणून लिनक्स तीत नुकत्याच वाचलेल्या फायलींच्या प्रती ठेवतो. गरज पडताच यातील बरीचशी जागा तो सोडून देतो. पेरणी होईपर्यंत मोकळ्या वावरात गुरे चरावीत, तसाच हा प्रकार! म्हणून ‘मोकळी’ नव्हे, ‘उपलब्ध’ हा रकाना वाचावा.

खरी टंचाई कशी ओळखावी? ‘उपलब्ध’ अगदी खाली गेले आणि स्वॅपमध्ये सतत ये-जा सुरू झाली, तर स्मृती कमी पडते आहे. स्वॅप म्हणजे डिस्कवरची उसनी जागा; डिस्क स्मृतीपेक्षा फार संथ असल्याने सारे काम रखडते. अशा वेळी ‘टॉप’मध्ये वर आलेली प्रक्रिया बंद करावी. पुष्कळदा ती अनेक पाने उघडून बसलेला ब्राउझरच असते.

बंद करताना आधी ‘किल’ व प्रक्रियेचा क्रमांक एवढेच द्यावे. यात प्रोग्रॅमला आवराआवर करण्याची संधी मिळते. ‘-९’ जोडल्यास ती मिळत नाही व न जतन केलेले लेखन जाते. तो उपाय शेवटचा.

एवढे करूनही टंचाई उरली, तर जास्तीची रॅम बसवता येते का ते पाहावे. नव्या संगणकाचा विचार त्यानंतरचा.