ध्वनिमिश्रकावरील नियंत्रण-गट : एक अभ्यास
— द्वितीय वर्ष, कला

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात गोंधळाचा कार्यक्रम झाला, तेव्हा मिक्सरवर मी बसलो होतो. संबळाला दोन माइक, तुणतुणे, हार्मोनियम, ढोलकी व झांज यांना एकेक, म्हणजे वाद्यांचेच सहा. शिवाय मुख्य गोंधळी आणि तीन झीलकरी. मुख्य गोंधळ्यांनी आख्यान सुरू केले की वाद्ये खाली घ्यायची, एवढेच माझे काम. सहा फेडर मी दोन्ही हातांनी ओढले. ते सारखे ओढले गेले नाहीत. पुन्हा वर नेताना तुणतुणे संबळाच्या डोक्यावर बसले. या खटपटीत आख्यानाचा बराच भाग वाद्यांखाली बुडाला. नंतर ते वृद्ध गोंधळी एवढेच म्हणाले, "पोरा, संबळ झाक वाजला, पण गोष्ट कुनाला कळली?"

ते वाक्य मनाला लागले, म्हणून हा अभ्यास.

यंदा रंगीत तालमीला साउंडवाल्या दादांना विचारून मी प्रथम सहाही वाद्ये एका 'ऑडिओ ग्रुप'मध्ये घातली. या गटात आवाज खरोखर एकत्र होतो आणि एकाच फेडरमधून पुढे जातो. तो फेडर खाली घेतला, वाद्ये गेली. पण त्यांचा घुमारा सभागृहात तसाच राहिला, जणू वाद्ये शेजारच्या विहिरीत वाजत आहेत! कारण रिव्हर्बकडे जाणारा आवाज प्रत्येक चॅनलवरूनच, गटाच्या आधी, निघत होता.

दादा हसले व म्हणाले, "डीसीए घे."

डीसीएच्या फेडरमधून आवाज जातच नाही, हे समजायला मला दोन दिवस लागले. जुन्या अ‍ॅनालॉग मिक्सरवर याला व्हीसीए म्हणत, म्हणजे विद्युतदाबाने नियंत्रित होणारा अ‍ॅम्प्लिफायर. डेव्हिड ब्लॅकमर या अमेरिकन अभियंत्याला अशा मंडलाचे पेटंट १९७३ साली मिळाले. गटाचा फेडर फक्त नियंत्रणाचा दाब पाठवतो. आवाज कमी-जास्त होतो तो ज्याच्या त्याच्या चॅनलमध्ये. डिजिटल मिक्सरवर हेच काम आकडेमोडीने होते. संबळ −५ डेसिबलवर आणि तुणतुणे −१२ वर असेल, आणि डीसीए −१० वर आणला, तर ती अनुक्रमे −१५ व −२२ वर जातात. मधले ७ डेसिबलचे अंतर जसेच्या तसे! चॅनलच उतरल्यामुळे फेडरनंतर निघणारा रिव्हर्बही उतरतो. फेडरआधी घेतलेला मॉनिटर मात्र हलत नाही. गोंधळ्यांना स्वतःचा संबळ पूर्वीइतकाच ऐकू येतो. हे मला फार मोलाचे वाटते, कारण ऐन आख्यानात कलावंताच्या कानातला ताल काढून घेणे म्हणजे त्याच्या पायाखालची सतरंजी ओढणे.

मग ऑडिओ ग्रुप निरुपयोगी काय? नाही. तिन्ही झीलकऱ्यांवर मिळून एकच कॉम्प्रेसर लावायचा तर आवाज एकत्र यावाच लागतो. डीसीएवर आवाजच नाही, तर कॉम्प्रेसर लावणार कशावर? मी झीलकऱ्यांचा ऑडिओ ग्रुप केला आणि तिन्ही चॅनल डीसीएला जोडले. त्यात एक गोम निघाली. डीसीए खाली घेतला की कॉम्प्रेसरकडे कमी आवाज पोचतो आणि त्याची पकड सैल होते. म्हणून ग्रुपच डीसीएला जोडून पाहिला. मग पकड टिकली, पण रिव्हर्ब पुन्हा मागे राहिला! चॅनल व ग्रुप दोन्ही एकाच डीसीएला जोडले तर उतार दुप्पट. शेवटी चॅनलच ठेवले. सैल पकड परवडते, विहीर नको.

आमच्या भाड्याच्या बेरिंजर एक्स-३२ वर ८ डीसीए आहेत. मी तीनच वापरले : वाद्ये, झीलकरी, आणि आख्यानाचा एकटा माइक. तालमीत एकदा पहिला डीसीए तळाशी राहिला होता. चॅनलचे दिवे लुकलुकत होते, फेडर वर होते, बाहेर मात्र शांतता! मी पाच मिनिटे केबली बदलत होतो. तेव्हापासून कार्यक्रमापूर्वी सर्व डीसीए शून्यावर आहेत की नाहीत, ते आधी पाहतो.

यंदाही तेच गोंधळी आले होते. आख्यान सुरू झाले तेव्हा माझा एक हात मिक्सरवर होता, दुसरा मांडीवर.